दादा, कोपरा उघडून बघितला

पहिलं नाव सुलभाकाकूंचं. दादा, तुम्ही असता तर म्हणाला असता, "आगो, काय झालं ते आधी सांग, आभार मंग मान." पण या वेळी मी माझ्या क्रमानं लिहिणार आहे. काकू त्या दिवशी घराचा उंबरा ओलांडून गाळ्यावर आल्या नसत्या, तर पडघ्याची ती गाडी चुकीच्या कोपऱ्यासकट रस्त्यावर गेली असती आणि मी बाजूला उभी राहून बघत राहिले असते. म्हणून आधी काकू. मग गाडी. मग तुम्ही.

तुम्ही गेलात, हे लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. रविवारी सकाळी ओटीवर बसल्या बसल्या गेलात. काकू आत मासळी साफ करत होत्या. त्यांनी हाक मारली, तुम्ही ओ दिली नाही. त्यांना वाटलं, पेपरात डोकं घातलंय. मला गाळ्यावरच्या नूरभाईंचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "रेखा बहन, दादा नहीं रहे. गाले पे मत जाना, सीधा घर आना."

मी मात्र आधी गाळ्यावरच गेले. कुलूप होतं. सवयीनं दोनदा ओढून बघितलं आणि मग मागच्या बाजूनं तुमच्या घरी आले. या कुलूप ओढण्यावरून तुम्ही मला किती चिडवलंत! "कुलपाला बी आता तुजी भीती वाटाया लागली," म्हणायचात. त्या दिवशी कुलूप ओढताना मागून कोणी हसलं नाही. तेव्हा मला खरं वाटलं.

मी तुमच्याकडे कशी आले, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या पद्धतीनं सांगायचात, त्यात काकूंचा भाग नेहमी गळायचा. तेव्हा तो आज सांगते. किनवटकडच्या आमच्या गावात आठवीपर्यंतच शाळा. नववीला दुसऱ्या गावी जायचं, बस कधी यायची, कधी नाही. त्यात वडील आजारी पडले आणि शाळा सुटली ती सुटलीच. मामांबरोबर इथं कशेळीला आले, गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले, आणि खोलीवर बसून बायकांचे ब्लाउज शिवायचे. काकूंचा एक ब्लाउज माझ्याकडे आला होता, काखेत उसवलेला. मी तो परत शिवून दिला आणि म्हटलं, "काकू, नुसती शिवण मारली तर परत जाईल. आतून पट्टी लावलीय." त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि तशाच मला तुमच्या फायबरच्या गाळ्यावर घेऊन आल्या. तुमच्यासमोर ब्लाउज धरून म्हणाल्या, "तुमी दिवसभर जोड जोड करता ना, हिला ठेवा कामाला. हिला जोड कळतो."

तुम्हाला हसू आवरेना. पण ठेवलंत.

आधी काचेच्या धाग्यांचं कापड साच्याप्रमाणं कापायचं काम. ते मला जमत होतं, ब्लाउजच्या बेतण्यासारखंच. हात मात्र चुणचुणायचे, घरी जाऊन खोबरेल लावत बसायचे. मग एक दिवस तुम्ही मला वर केबिनमध्ये बोलावलं आणि कंप्युटरवर एका थंड गाडीचा डबा दाखवला. फळं, औषधं, दूध नेणारी गाडी. भिंती फायबरच्या, म्हणजे काचेच्या कापडाचे थर, मध्ये फोम, परत काचेचे थर. तुम्ही म्हणालात, एवढे थर जसेच्या तसे काढत बसलो तर गणित कधी संपायचं नाही. म्हणून भिंतीचा कागद करायचा. जाडी नसलेला, चौकटी चौकटी आखलेला कागद. जाडी किती, थर किती, कुठला धागा कुठल्या दिशेला, हे त्या कागदाला नुसतं सांगायचं. कागद ऐकतो आणि खऱ्या भिंतीसारखा वाकतो. याला फायनाइट एलिमेंट म्हणतात, हे नाव तुम्ही मला कितीतरी नंतर सांगितलंत. घाबरून पळून जाईन म्हणून, असं तुमचं म्हणणं.

"पण दोन कागद भेटतात ना, तितं हा फसतो," तुम्ही म्हणालात. "कंप्युटरला जोड कळत न्हाय गो. त्याला वाटतं, एकाच कापडाची घडी हाय."

"आणि खरं काय असतं?"

"खरं तुला म्हाइत हाय. बाही कुटं उसवते?"

"काखेत."

"कापड फाटतं?"

"कापडाला काही होत नाही. शिवण जाते."

"झालं. तुजं कॉलेज झालं. जा, चा सांग."

तो दिवस मी आईला फोनवर सांगितला होता. ती म्हणाली, म्हणजे नेमकं काय काम करतेस? मी म्हटलं, कापडाचंच. आजही तिला तेच माहीत आहे.

तुम्ही शिकवलेल्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या स्वभावाला इतकी मानवली, की मला वाटतं ती माझ्यासाठीच होती. त्या कागदाला एक तोंड असतं आणि एक पाठ. थर मोजायचे ते पाठीकडून तोंडाकडे. कागद उलटा पडला असेल, तर कोपऱ्याच्या आतून लावलेली पट्टी गणितात बाहेरच्या अंगाला जाते. चित्र बघून काहीच कळत नाही, डबा तसाच दिसतो. जिथं दोन-तीन भिंती भेटतात तिथं ही चूक हमखास. म्हणून गणित सुरू करायच्या आधी एक बटण दाबून सगळ्यांची तोंडं रंगवून बघायची. तोंड पिवळं, पाठ करडी. डब्याचं बाहेरचं अंग सगळं पिवळं दिसलं पाहिजे. बाकीच्या घरांत बाहेर निघताना विचारतात गॅस बंद केला का, तसं तुम्ही खालून जिन्यातून ओरडायचात, "रेखा, तोंडं बगितली का?" मी ओरडायचे, "बघितली दादा!" आणि तरी परत एकदा बघायचे.

मला सगळ्या गोष्टींची भीती वाटते. गावाकडून फोन आला की मी आधी विचारते, कोणाला काय झालं? खोलीचं कुलूप, नळ, शेगडी, नोकरी, सगळ्याची. मामा म्हणायचे, हिचं कसं होणार. तुम्ही एकटेच निघालात, ज्यांनी या भीतीला काम दिलं. एकदा म्हणालात, "घाबरतंस म्हणून दोनदा बगतंस. मी न्हाय घाबरत, म्हणून मला तू लागतंस." हे मी तेव्हा थट्टेवारी नेलं.

आता आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गाडीच्या मालकाचा, पडघ्याच्या किसनशेठचा फोन आला, की समोरच्या भिंतीवर जे थंड करायचं मशीन टांगायचंय ते आधी ठरल्यापेक्षा मोठं येणार. मशीन ड्रायव्हरच्या डोक्यावर, डब्याच्या पुढच्या भिंतीला लटकतं. ती भिंत वर छताला जिथं मिळते, त्या कोपऱ्यावर सगळा भार. आतून चिकटपट्टा, म्हणजे रेझिनचा घट्ट लगदा, भरून गोलाई केलेली, त्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या. शेठनं भिंतीचं नवीन ड्रॉइंग पाठवलं. ते तुम्ही स्वतः घेतलंत, माझ्याकडे दिलं नाहीत. आतून एक पट्टी वाढवलीत, गणित लावलंत, रंग हिरव्यात आले, म्हणजे भार सोसेल. तसं नूरभाईंना सांगितलंत.

मी म्हटलं, "दादा, नुसता कोपरा वेगळा काढू. कागद नको, सगळी जाडी, चिकटपट्टा, गोलाई, सगळं खरं. आणि एक खरा बनवून ओढून बघू."

"सगळ्या गाडीचं काम कोपऱ्यावर अडकवशील तू."

"अडकू दे."

"आगो, जोडाच्या रेघेवर ताणाचा आकडा वाचाचा न्हाय, तितला खोटा असतो. चौकट बारीक कर, तो वाढतच जातो. जरा बाजूला, पट्टी संपते तितं वाच. तितं खरं बोलतो."

"बाजूला वाचलं की भीती कमी दिसते, एवढंच."

तुम्ही हसलात. मग रुमालानं मान पुसलीत. पंखा डोक्यावर जोरात चालू होता. चहा अर्धा ठेवून उठलात आणि जिन्यात थांबून म्हणालात, "सोमवारी बगू."

सोमवारी आम्ही तुमच्या ओटीवर बसलो होतो. भांडण नव्हतं.

गाळा काही दिवस बंद राहिला. मग नूरभाईंनी उघडला. ते म्हणाले, दादांचं शेवटचं काम आहे, अडकवून ठेवायचं नाही. त्यांनी आणि दोघा पोरांनी मिळून तो कोपरा तुमच्या सांगण्याप्रमाणं पुरा केला, इतका सुबक, की रोलरखाली राहिलेला हवेचा एक बुडबुडा दिसायचा नाही. शेठला गाडीबरोबर रिपोर्ट लागणार होता. तो काढायला म्हणून मी वर आले आणि तुमची शनिवारची फाइल उघडली. तुमची खुर्ची तशीच मागे सरकवलेली होती. मी स्टूल ओढलं.

रिपोर्टची चित्रं काढायच्या आधी मी ते बटण दाबलं. काही शंका होती म्हणून नाही. तुम्ही खालून ओरडला नाहीत, म्हणून.

सगळा डबा पिवळा, समोरची भिंत करडी.

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. फाइल बंद केली, परत उघडली. करडी. शेठनं पाठवलेली नवी भिंत उलटी आली होती आणि ती तशीच राहिली होती. म्हणजे तुम्ही आतून वाढवलेली पट्टी गणितात बाहेर बसली होती आणि रंग हिरवे दिसले ते त्यामुळं. मी भिंत सुलटी केली, गणित परत लावलं, आणि तुम्ही सांगितलंत तिथंच वाचलं. रेघेवर नाही, पट्टी संपते तिथं. खड्ड्यातला धक्का धरला की तिथं लाल येत होतं.

दादा, त्या वेळी मला गाडीचं काहीच वाटलं नाही. मला एवढंच दिसलं, की तोंडं न बघता पुढं जाणारा माणूस तुम्ही नव्हतात. शनिवारी तुम्हाला बरं नव्हतं. डॉक्टरनं काय सांगितलं ते मला कोणी सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. माझ्यासाठी ती करडी भिंत पुरे आहे.

मी खाली जाऊन नूरभाईंना सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "बहन, काम तो पूरा है. अभी दादा का बारहवाँ भी नहीं हुआ. लोग क्या बोलेंगे?"

तेवढ्यात किसनशेठ गाडी न्यायलाच आले. बरोबर त्यांचा ड्रायव्हर बबन. शेठ आधी हात जोडून तुमच्याबद्दल चांगलं बोलले, डोळे पुसले, ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, "चला, सोडा गाडी."

"शेठ, आत्ता नाही सोडता येणार."

"का?"

"कोपऱ्यात बदल करावा लागेल. गणितात एक चूक राहिलीय."

"कोणाची?"

मी नूरभाईंकडे बघितलं. ते खाली बघत होते. मग मीच म्हटलं, "दादांची."

 शेठचा चेहरा बदलला. "आरं वा! माणूस जाऊन बारा दिवस झाले नाहीत, आणि तू त्यांची चूक काढतेस? किती शिकलीस गं तू?"

"नववी. अर्धी."

"आणि दादा?"

  ते पुढं म्हणाले, "ज्यानं तुला हातात माउस धरायला शिकवलं, त्याच्या नावाला तू बट्टा लावतेस. सुतकात. लाज वाटू दे." मला रडू फुटलं आणि रडत रडतच मी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. म्हणजे काही धाडसानं नाही. पाय तिथं गेले. बबन बिचारा म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, मला हुकूम आहे." मी म्हटलं, "तुमच्याच डोक्यावर टांगणार आहेत ते मशीन." तो वर बघायला लागला.

गाळ्याची मागची खिडकी तुमच्या ओटीवर उघडते, हे मी विसरले होते. ओटीवर बायका बसायला आल्या होत्या. मधे काकू. आमचं सगळं बोलणं तिकडं ऐकू जात होतं. मोठ्या वहिनींचा, काकूंच्या जावेचा, आवाज आला, "आगो, कुटं निगालीस? बारावं न्हाय झालं, उंबरा वलांडतंस?" आणि मागच्या दारानं काकू आल्या. अनवाणी. आपल्या अंगणात काचेचे तुकडे, वाळलेलं रेझिन, सगळं पडलेलं असतं, तुम्हाला माहीतच आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, कपाळ मोकळं. मला त्यांच्याकडे बघवेना. मला वाटलं, आता या पण म्हणणार, माझ्या नवऱ्याचं नाव घेऊ नको.

त्यांनी मला विचारलं, "रेखा, ते आता असते, तं काय बोलले असते?"

"तोंडं बघितली का, म्हणाले असते."

"बगितलीस?"

"बघितली, काकू. दोनदा."

त्या शेठकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "शेठ, चूक त्यांची हाय ना? मंग ती आमच्या घरची हाय. घरची चूक घरात दुरुस्त कराची. रस्त्यावर न्हाय सोडाची."

"वैनी, पण..."

"गाडी हितंच राहील. ही सांगंल तवा जाईल."

एवढं बोलून त्या आल्या तशा परत गेल्या. शेठ काहीतरी पुटपुटले, चावी बबनकडे राहू दे म्हणाले आणि तेही गेले. नूरभाईंनी नळाखाली तोंड धुतलं, मग मला म्हणाले, "बोल, क्या बनाना है?"

आम्ही दोन कोपरे बनवले. खरे, हातभर रुंद. एक तुमच्या शनिवारच्या पट्टीचा, दुसरा माझ्या लांब पट्ट्यांचा, ज्यात प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आखूड, पायऱ्यांसारखा, म्हणजे पट्टी एकदम संपत नाही. ते वाळेपर्यंत मी वर बसून तो वेगळा जाड कोपरा काढला. ज्याच्यावरून आपण भांडत होतो तो. चिकटपट्टा, गोलाई, सगळं. माझ्या चित्रात आधी गोलाईतला चिकटपट्टा जात होता. मी नूरभाईंना ठामपणे सांगितलं, बघा, इथं उघडणार, आतल्या बगलेत.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि बबन दोघं आले. मी बोलावलं नव्हतं. शेठ लांब, दाराशी उभे राहिले. पहिला कोपरा चेनपुलीला लटकवला आणि खाली वाळूच्या गोण्या चढवत गेलो, मोठ्या मशीनचं वजन आणि वर खड्ड्याचा धक्का धरून जेवढं होतं तिथपर्यंत जायचं होतं. त्याच्या आधीच टक्क असा आवाज आला. बारीकसा, बोट मोडावं तसा. नूरभाईंनी बॅटरी मारली. फायबर सुटायला लागलं की पांढरं पडतं. एक पांढरी रेघ आली होती.

"बहन, तेरी बगल में नहीं है," नूरभाई म्हणाले. "यहाँ देख. पट्टी के किनारे पे."

रेघ पट्टी संपते तिथं होती. जिथं वाच म्हणून तुम्ही सांगत होतात, अगदी तिथं. माझ्या जाड कोपऱ्याच्या चित्रात ते ठिकाण साधं पिवळट, म्हणजे धोक्याच्या अलीकडं होतं. मी चिकटपट्टा खऱ्यापेक्षा कच्चा धरला होता, भीतीनं.

तर दादा, भांडणाचा निकाल असा लागला. कुठं वाचायचं ते तुमचं बरोबर. कोपरा ओढून बघायला हवा होता, ते माझं बरोबर. अर्धं अर्धं. तुम्ही असता तर या अर्ध्यावरही भांडला असतात, पाऊण तरी घेतलं असतंत. मला त्या पांढऱ्या रेघेकडे बघून आधी हसू आलं आणि मग नूरभाई मला पाणी आणायला गेले.

बबन जवळ आला, रेघेवरून बोट फिरवलं आणि शेठला विचारलं, "शेठ, हे आपल्या गाडीत होतं?"  शेठनं माझ्याकडे बघितलं नाही. नूरभाईंना म्हणाले, "दुसरा पण लटकव." दुसरा सगळ्या गोण्या घेऊन गप्प राहिला. आम्ही त्यावर नाणं वाजवून बघितलं, सगळीकडे एकच घट्ट आवाज, थर सुटल्यासारखा पोकळ कुठंच नाही.

मग गाडीचा कोपरा ग्राइंडरनं उतरवला आणि परत भरला. नूरभाईंनी आपलंच सुबक काम आपल्या हातानं घासून काढलं. तयार झाल्यावर बबननं गोण्या भरून गाडी अंबाडीच्या रस्त्यानं नेली. तुमची जुनी रीत, जो रस्ता सगळ्यात वाईट तोच आपली लॅब. मी मागे डब्यात बसणार होते, नूरभाईंनी बसू दिलं नाही. अंबाडीच्या नाक्यावर थांबून, शिडी लावून, मी कोपरा नाण्यानं वाजवला. चहावाला वर बघत होता, ही बाई गाडीला काय विचारते म्हणून. आवाज चांगला आला. मी परत एकदा वाजवला.

गाडी पडघ्याला गेली. त्यावर मशीन बसलं. बबनचा फोन असतो अधूनमधून, "ताई, छत जागेवर आहे."

रिपोर्ट मी लिहिला. तुम्ही शिकवलंत तसा, आधी गृहीत काय धरलं ते. तुमचं म्हणणं असायचं, उत्तर चुकलं तर चालंल, पण काय धरून चाललो ते लपलं की माणूस मरतो. ते लिहीत असतानाच मला आठवत राहिलं, की काकूंबद्दल तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि ती कुठं लिहिली नव्हतीत.

रोज दुपारी काकू डबा घेऊन वर यायच्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, मलाही त्यातलंच. डबा ठेवून त्या तुमच्या खुर्चीमागं थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पडद्यावरचे रंग बघायच्या. तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "तू काय बगतंस? जा, भात करपंल." त्या हसून जायच्या. किनवटहून आलेल्या परक्या पोरीला तुम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसवून शिकवलंत. आणि जिनं एका ब्लाउजवरून जोड ओळखला, तिला कधी स्टूल दिलं नाहीत. का, दादा? हे मला तुम्हाला कितीदा विचारायचं होतं. तुमच्यापुढं भिंतीबद्दल मी कितीही भांडायचे, याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. आता विचारतेय, तर तुम्ही सोमवारी बघू असंही म्हणणार नाही.

मी रागावलेली नाही. ज्याच्यामुळं माझ्या भीतीला पगार मिळतो, त्याच्यावर मी काय रागावणार! पण हे राहिलंय, ते राहिलंय असं सांगते.

काकूंना त्या दिवसाचं भरावं लागलं. बाराव्याला बायका कुजबुजत होत्या, नवऱ्याचं सुतक असून बाई गाळ्यावर जाऊन शेठशी बोलली. मोठ्या वहिनी अजून त्यांच्या हातचं पाणी घेत नाहीत. गावात लग्न आहे, त्याचं बोलावणं या घरी उशिरा आलं आणि तेही पोराच्या हाती. काकू यातलं काही बोलत नाहीत. पायाला काच लागली होती ती नूरभाईंच्या बायकोनं काढली, तेव्हा मला कळलं.

आई फोनवर म्हणते, तुझे दादा गेले, आता परत ये. गाळ्याचं पुढं काय होईल ते मलाही माहीत नाही. गाळा गोडाऊनसाठी मिळेल का, असं विचारायला माणसं येऊन जातात, त्यांना काकू चहा देतात आणि काही सांगत नाहीत. परवा त्या डबा घेऊन वर आल्या. तुमची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. तिच्यामागं त्यांच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "रेखा, यात तो कोपरा कुटला गो?" मी बोटानं दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघायचा प्रयत्न केला, पण डोळे भरून आले आणि त्या खाली गेल्या.

म्हणून आज नाही. पण दादा, काकूंचं हे मी फेडीन. त्यांचे डोळे त्या पडद्यावर ठरायला लागले, की एक दिवस त्यांना तुमच्या खुर्चीत बसवीन. भात करपला तर करपू दे. तुम्ही इतकी वर्षं वर बसून काय करत होतात, ते त्यांना पहिल्या कागदापासून दाखवीन. समोरची भिंत मी मुद्दाम उलटी ठेवीन. मग खाली जिन्यात जाऊन उभी राहीन आणि वर ओरडेन, "काकू, तोंडं बघितली का?"